वालचंद हिराचंद

शेठ वालचंद हिराचंद दोशी (२३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर – ८ एप्रिल १९५३, सिद्धपूर, गुजरात) हे भारतीय उद्योजक होते. बांधकाम, नौकानयन, नौकाबांधणी, विमाननिर्मिती, मोटारनिर्मिती आणि साखर या क्षेत्रांत त्यांनी मोठे उद्योग उभे केले. भारतीय मालकीची पहिली मोठी जहाज कंपनी यशस्वीपणे चालविणारे, देशातील पहिला आधुनिक नौकाबांधणी कारखाना उभारणारे आणि पहिल्या विमान कारखान्याचा पाया घालणारे उद्योगपती म्हणून ते ओळखले जातात. बंगळूर येथील हिंदुस्तान एअरक्राफ्ट या कारखान्याची कल्पना त्यांना पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या एका जलविमानाच्या प्रवासात सुचली. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याच कारखान्यात कॅटालिना जातीच्या जलविमानांची दुरुस्ती झाली. मात्र तोपर्यंत कारखान्याची मालकी वालचंदांच्या हाती राहिली नव्हती.

जन्म, कुल आणि शिक्षण

वालचंदांचा जन्म सोलापूर येथील एका दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात झाला. हे घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. व्यापाराच्या निमित्ताने ते महाराष्ट्रात आले व येथेच स्थायिक झाले. वडील हिराचंद नेमचंद हे कापूस, सूत आणि सावकारी यांचा व्यवसाय करीत. ते धार्मिक वृत्तीचे व सुधारणावादी गृहस्थ होते. जैन समाजातील शिक्षणप्रसारासाठी त्यांनी पुष्कळ कार्य केले आणि जैनबोधक हे नियतकालिक सुरू केले. वालचंदांची आई राजूबाई त्यांच्या अगदी लहानपणीच वारली.

वालचंदांचे शालेय शिक्षण सोलापूरला झाले. मॅट्रिक झाल्यावर त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आणि नंतर पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिक्षण घेतले. कौटुंबिक अडचणींमुळे त्यांना पदवीपर्यंत पोहोचता आले नाही. घरी परतल्यावर ते वडिलांच्या पेढीत काम पाहू लागले. परंतु सावकारी आणि कापसाचा व्यापार यांत त्यांचे मन रमले नाही.

बांधकाम व्यवसायातील आरंभ

रेल्वेत कारकून म्हणून काम केलेले लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशी वालचंदांची ओळख झाली. फाटकांना रेल्वेच्या कामाची माहिती होती. वालचंदांकडे भांडवल उभे करण्याची ऐपत आणि धडाडी होती. दोघांनी मिळून फाटक-वालचंद ही भागीदारी सुरू केली. बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी–तडवळ या लहानशा टप्प्याचे काम हे त्यांचे पहिले कंत्राट होते. वेळेवर आणि चोख काम केल्यामुळे रेल्वे कंपन्यांची कामे त्यांना मिळत गेली. पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी बराकींची मोठी कामे या भागीदारीने पार पाडली आणि तिची आर्थिक स्थिती भक्कम झाली.

त्या काळी मुंबईतील हिंदी भांडवलाचा मुख्य ओघ कापड गिरण्यांकडे होता. परळ, लोअर परळ, लालबाग या परिसरात गिरण्यांची धुराडी दाटीने उभी राहिली होती आणि पैसा असलेला व्यापारी साहजिकच गिरणीकडे वळत असे. वालचंदांनी या रुळलेल्या वाटेने न जाता, ज्या क्षेत्रांत इंग्रज कंपन्यांची जवळजवळ मक्तेदारी होती तीच क्षेत्रे निवडली. त्यांच्या पुढील सर्व आयुष्यातील यश आणि संघर्ष यांचे मूळ या निवडीत आहे.

१९२० साली स्थापन झालेल्या टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत फाटक-वालचंद भागीदारीचा व्यवसाय विलीन झाला. या कंपनीने मुंबई–पुणे लोहमार्गावरील बोरघाटातील बोगद्यांचे तसेच तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणाऱ्या मोठ्या नळांचे काम केले. सिंधू नदीवरील कालाबाग येथील पूल हेही तिचे एक महत्त्वाचे काम होय. पुढे ही कंपनी प्रीमियर कन्स्ट्रक्शन या नावाने ओळखली जाऊ लागली. १९२६ मध्ये वालचंदांनी हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन केली. सिमेंट काँक्रीटचे नळ बनविणारी इंडियन ह्यूम पाइप कंपनीही त्याच वर्षी सुरू झाली.

सिंदिया कंपनी आणि नौकानयन

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून भारताच्या किनाऱ्यावरील आणि परदेशी जलवाहतुकीवर ब्रिटिश कंपन्यांचे वर्चस्व होते. देशी मालकांनी काढलेल्या जहाज कंपन्या भाड्याच्या चढाओढीत एकामागून एक बुडाल्या होत्या. प्रतिस्पर्धी उभा राहिला की बलाढ्य कंपनी भाडे इतके उतरवी की नवी कंपनी तोटा सोसून बंद पडे. त्यानंतर भाडे पुन्हा पूर्वपदावर येई. शिवाय वर्षभर आपल्याच जहाजांतून माल पाठविणाऱ्या व्यापाऱ्यांना मागाहून सूट देण्याची पद्धत असल्याने व्यापारीही बांधले जात.

१९१९ साली वालचंदांना ग्वाल्हेरच्या महाराजांचे लॉयल्टी हे जहाज विक्रीस असल्याचे समजले. एम्प्रेस ऑफ इंडिया या नावाने १८९१ मध्ये बांधलेले हे प्रवासी जहाज महायुद्धात महाराजांनी रुग्णालय-जहाज म्हणून वापरण्यास दिले होते. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्या सहकार्याने वालचंदांनी ते विकत घेतले व सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना झाली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला जाण्यास निघाले. वालचंद स्वतः या प्रवासात जहाजावर होते.

लॉयल्टी हे जुने आणि चालविण्यास खर्चिक जहाज होते. व्यापारी दृष्टीने ते लाभदायक ठरले नाही आणि १९२३ मध्ये ते मोडीत काढण्यात आले. तरी भारतीय मालकीचे जहाज भारतातून इंग्लंडला जाऊ शकते हे त्याने दाखवून दिले. सिंदिया कंपनीपुढील खरी परीक्षा किनारी वाहतुकीत होती. लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने भाडे खाली आणले. सिंदियाने तग धरला, तेव्हा १९२३ मध्ये दोन्ही बाजूंत दहा वर्षांचा करार झाला. या कराराने सिंदियाचे अस्तित्व टिकले. परंतु तिच्या जहाजांच्या संख्येवर आणि मार्गांवर जाचक मर्यादा आल्या. वालचंदांना हा करार मनापासून मान्य नव्हता. किनारी वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवावी या मागणीचा त्यांनी सातत्याने पाठपुरावा केला. साराभाई नेमचंद हाजी यांनी १९२८ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडलेल्या विधेयकामागे हीच मागणी होती.

१९२९ साली नरोत्तम मोरारजी यांच्या निधनानंतर वालचंद सिंदियाचे अध्यक्ष झाले व १९५० पर्यंत त्या पदावर राहिले. लॉयल्टीच्या प्रस्थानाचा ५ एप्रिल हा दिवस १९६४ पासून भारतात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

शेती आणि साखर उद्योग

नाशिक जिल्ह्यातील रावळगाव येथे वालचंदांनी ओसाड जमीन घेऊन ती लागवडीखाली आणली. दगड-धोंडे काढून, पाण्याची सोय करून तेथे ऊस उभा करण्यात आला आणि १९३३ मध्ये साखर कारखाना सुरू झाला. रावळगावची गोळ्या-चॉकलेटे पुढे महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचली. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील कळंब येथे उभ्या राहिलेल्या दुसऱ्या साखर कारखान्याभोवती जी वसाहत वाढली तिला वालचंदनगर हे नाव मिळाले. तेथे कालांतराने साखर कारखान्यांची व इतर अवजड यंत्रसामग्री तयार होऊ लागली.

पॅसिफिकवरील जलविमान-प्रवास

मोटारनिर्मितीच्या बोलण्यांसाठी वालचंद १९३९ साली अमेरिकेला गेले. त्याच सुमारास युरोपात दुसरे महायुद्ध सुरू झाले. ऑक्टोबर १९३९ मध्ये परतीचा प्रवास त्यांनी पॅन अमेरिकन कंपनीच्या क्लिपर विमानाने पॅसिफिकमार्गे केला.

क्लिपर ही फ्लाइंग बोट या नावाने ओळखली जाणारी जलविमाने होती. साध्या विमानाला चाके असतात; फ्लाइंग बोटीचे पोटच होडीच्या तळासारखे बनविलेले असते आणि ती पाण्यावरूनच उडते व पाण्यावरच उतरते. त्या काळी लांब धावपट्ट्यांचे विमानतळ फार थोडे होते. खाडी, सरोवर अथवा प्रवाळबेटातील शांत पाणी मात्र पुष्कळ ठिकाणी उपलब्ध होते. त्यामुळे महासागर ओलांडण्यास मोठी जलविमाने सोयीची ठरली. सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेले क्लिपर होनोलुलू, मिडवे, वेक आणि ग्वाम या बेटांवर मुक्काम करीत मनिला व हाँगकाँगकडे जाई. मिडवे आणि वेक यांसारख्या निर्जन बेटांवर कंपनीने प्रवाशांसाठी उपाहारगृहे व निवासस्थाने बांधली होती. प्रवासाला अनेक दिवस लागत आणि उतारू मोजकेच असल्याने त्यांचा एकमेकांशी चांगला परिचय होई. ब्रिटिश इंपीरियल एअरवेजची अशीच जलविमाने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात कराची, राजसमंद व ग्वाल्हेर या मार्गाने भारतावरून पूर्वेकडे जात असत.

या प्रवासात वालचंदांची गाठ विल्यम डग्लस पॉली या अमेरिकन उद्योजकाशी पडली. पॉली हे कर्टिस-राइट या विमान कंपनीशी संबंधित होते आणि चीन सरकारसाठी विमाने जुळविण्याचा कारखाना चालवीत होते. जपानी आक्रमणामुळे तो कारखाना ब्रह्मदेशाच्या सीमेवरील लोइविंग येथे हलविण्यात आला होता. युद्धाने गांजलेल्या चीनमध्ये, मोठ्या शहरापासून दूर विमाने जोडता येतात, तर भारतात का नाही, हा विचार वालचंदांच्या मनात पक्का झाला. पॉली तांत्रिक साहाय्य देण्यास तयार होते. मोटारीच्या कामासाठी निघालेले वालचंद विमानाच्या कारखान्याची योजना घेऊन परतले.

हिंदुस्तान एअरक्राफ्टची स्थापना

भारतात परतल्यावर वालचंदांनी सरकारपुढे प्रस्ताव ठेवला. आरंभी त्याला प्रतिसाद मिळाला नाही. भारताला लागणारी विमाने ब्रिटनमधून यावीत आणि भारतात अवजड उद्योग वाढू नयेत, हे सरकारचे रूढ धोरण होते. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्सचा पाडाव झाला आणि ब्रिटनचे स्वतःचेच कारखाने धोक्यात आले. पूर्वेकडील लष्कराला लागणारी सामग्री पूर्वेतच तयार व्हावी ही गरज भासू लागली, तेव्हा सरकारची भूमिका बदलली.

कारखान्यासाठी म्हैसूर संस्थानाची निवड झाली. संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माइल हे औद्योगिकीकरणाचे पुरस्कर्ते होते. बंगळूरजवळ सुमारे ७०० एकर जमीन, स्वस्त वीज आणि पाणी देण्याची तयारी संस्थानाने दाखविली आणि भांडवलातही भाग घेतला. बंगळूरचे कोरडे, सौम्य हवामान विमानांच्या कामास अनुकूल होते. ते समुद्रकिनाऱ्यापासून दूर असल्याने नौदलाच्या माऱ्यापासूनही सुरक्षित होते. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ही संस्था त्याच शहरात असल्याने शास्त्रीय मनुष्यबळाचीही सोय होती.

२३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्तान एअरक्राफ्ट लिमिटेड ही कंपनी नोंदविण्यात आली. तिचे अधिकृत भांडवल ४ कोटी रुपये होते. वालचंदांसोबत तुळशीदास किलाचंद आणि धरमसी मुळराज खटाव हे या उद्योगात सहभागी होते. मार्च १९४१ मध्ये भारत सरकारही भागीदार झाले. अमेरिकेतून यंत्रे व सुटे भाग आले. पॉली यांचे तंत्रज्ञ आले. स्थानिक तरुणांना शिकवून कामगारवर्ग तयार करण्यात आला. ऑगस्ट १९४१ मध्ये येथे जुळविलेले हार्लो जातीचे पहिले प्रशिक्षण-विमान तयार झाले. ३१ जुलै १९४२ रोजी कर्टिस हॉक या लढाऊ विमानाने येथून पहिले उड्डाण केले; पण तत्पूर्वीच वालचंद या उद्योगातून बाहेर पडले होते.

एप्रिल १९४२

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला. सिंगापूर पडले, रंगून पडले आणि १९४२ च्या वसंतात जपानी आरमार हिंदी महासागरात शिरले. ४ एप्रिल १९४२ रोजी सिलोनच्या दक्षिणेस टेहळणी करणाऱ्या एका कॅटालिना जलविमानाला हे आरमार दिसले. लेनर्ड बर्चल या कॅनेडियन वैमानिकाने त्याची वार्ता बिनतारी संदेशाने कळविली आणि लगेच त्यांचे विमान पाडण्यात आले. दुसऱ्या दिवशी कोलंबोवर हल्ला झाला. ६ एप्रिल रोजी विशाखापट्टणमवर बॉम्ब पडले. ज्या बंदरात वालचंद नौकाबांधणीचा कारखाना उभारीत होते तेच हे बंदर होते.

याच महिन्यात भारत सरकारने हिंदुस्तान एअरक्राफ्टमधील वालचंद गटाचे भाग विकत घेतले. युद्धकाळात लष्करी महत्त्वाचा कारखाना खासगी हातांत असू नये, अशी सरकारची भूमिका होती. म्हैसूर संस्थानाने आपला भाग कायम ठेवला. मात्र युद्ध संपेपर्यंत कारभारात भाग न घेण्याचे मान्य केले. भागांची किंमत वालचंद गटाला मिळाली. परंतु दीड वर्षापूर्वी ज्या उद्योगाची कल्पना मांडून तो प्रत्यक्षात आणला त्याच्याशी वालचंदांचा संबंध संपला. संपूर्ण भारतीय विमान बनविण्याचे त्यांचे उद्दिष्टही त्या वेळी मागे पडले, कारण युद्धाच्या धामधुमीत नवी विमाने बांधण्यापेक्षा नादुरुस्त विमाने पुन्हा उडविणे अधिक निकडीचे झाले.

कॅटालिना जलविमाने आणि बंगळूरचा कारखाना

१९४३ मध्ये कारखान्याचे व्यवस्थापन अमेरिकन लष्कराच्या हवाई दलाकडे सोपविण्यात आले. विमानांची दुरुस्ती व पूर्ण जुळणी करणारे पूर्वेकडील एक मोठे केंद्र म्हणून त्याचा विस्तार झाला. येथे पूर्ण दुरुस्तीसाठी आलेले पहिले विमान कॅटालिना जातीचे जलविमान होते.

कन्सॉलिडेटेड कंपनीचे कॅटालिना हे दोन एंजिनांचे जलविमान सुमारे १०४ फूट रुंद पंखांचे होते. त्याचे पंख धडाच्या वर, उंच खांबावर बसविलेले असल्याने एंजिने पाण्याच्या तुषारांपासून दूर राहत. त्याचा वेग कमी होता, परंतु एका उड्डाणात ते बारा तासांहून अधिक काळ समुद्रावर घिरट्या घालू शकत असे. पाणबुड्यांचा माग काढणे, बुडालेल्या जहाजांवरील खलाशांना व समुद्रात पडलेल्या वैमानिकांना उचलून आणणे आणि दूरवर टेहळणी करणे ही त्याची मुख्य कामे होती. समुद्राच्या पृष्ठभागाखाली दडलेल्या शत्रूचा अशा तऱ्हेने शोध घेणाऱ्या या संथ विमानांभोवती पुढे साहसकथा, चित्रपट आणि खेळ यांचे एक वेगळे विश्व निर्माण झाले.

बंगळूर हे समुद्रापासून दूर, पठारावर वसलेले शहर असल्याने जलविमाने तेथे आणण्यासाठी पाण्याची सोय हवी होती. ती कारखान्यापासून जवळ असलेल्या बेलंदूर तलावाने भागविली. कॅटालिना विमाने तलावाच्या पाण्यावर उतरत. तेथून त्यांना काठावर ओढून घेऊन कारखान्यात नेले जाई आणि काम पूर्ण झाल्यावर ती पुन्हा तलावावरून उडत. कॅटालिनानंतर भारत आणि ब्रह्मदेश या आघाड्यांवर वापरात असलेली नाना प्रकारची विमाने येथे दुरुस्तीसाठी आली. युद्ध संपल्यावर कारखाना भारतीय व्यवस्थापनाकडे परत आला, तेव्हा विमानाचा प्रत्येक भाग उकलून पुन्हा जोडण्याचा अनुभव असलेले हजारो भारतीय कारागीर तेथे तयार झाले होते.

या कारखान्यातील अभियंत्यांत विष्णू माधव घाटगे यांचे नाव महत्त्वाचे आहे. कोल्हापूर परिसरातील हसूर येथे जन्मलेल्या घाटगे यांनी जर्मनीतील ग्यॉटिंगेन विद्यापीठात लुडविग प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले होते. त्यांच्या नेतृत्वाखाली संकल्पित झालेले एचटी-२ हे प्रशिक्षण-विमान १९५१ साली उडाले. भारतीय अभिकल्पाचे विमान बंगळूरच्या कारखान्यातून उडावे, ही वालचंदांची इच्छा त्यांच्या हयातीतच, परंतु त्यांच्या सहभागाविना, पूर्ण झाली. १९६४ मध्ये या कंपनीचे हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड असे पुनर्गठन झाले.

विमाननिर्मितीतून बाहेर पडल्यावरही वालचंदांनी विमान वाहतुकीतील रस सोडला नाही. १९४३ मध्ये सिंदिया कंपनीने एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया ही हवाई वाहतूक कंपनी घेतली. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात ती इंडियन एअरलाइन्समध्ये समाविष्ट झाली.

विशाखापट्टणम येथील नौकाबांधणी

जहाजे परदेशातून विकत घ्यावी लागत असतील तर भारतीय नौकानयन कायम परावलंबी राहील, असे वालचंदांचे मत होते. नौकाबांधणीसाठी त्यांची पहिली पसंती कलकत्त्याला होती. पण तेथे सोयीची जागा मिळू शकली नाही. अखेरीस विशाखापट्टणम निश्चित झाले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कारखान्याची कोनशिला बसविण्यात आली. ब्रिटिश सरकारच्या प्रकल्पाऐवजी काँग्रेसच्या नेत्याच्या हस्ते झालेला हा समारंभ त्या काळात राष्ट्रीय घटना मानला गेला.

युद्धामुळे यंत्रसामग्री वेळेवर मिळाली नाही आणि एप्रिल १९४२ च्या बॉम्बहल्ल्यानंतर काम काही काळ मुंबईला हलवावे लागले. स्वातंत्र्यानंतर १४ मार्च १९४८ रोजी येथे बांधलेले जलउषा हे पहिले मोठे जहाज पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आले. नौकाबांधणीचा खर्च मात्र परदेशी जहाजांच्या किमतीपेक्षा जास्त येत होता आणि एकट्या कंपनीला तो झेपणारा नव्हता. १९५२ मध्ये केंद्र सरकारने कारखान्यातील मोठा हिस्सा घेतला व हिंदुस्तान शिपयार्ड ही कंपनी अस्तित्वात आली.

मोटारनिर्मिती

भारतात मोटारी बनविण्याची योजना सर मो. विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात मांडली होती. वालचंदांनी तिचा पुरस्कार केला व अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी तांत्रिक सहकार्याचा करार केला. युद्धकाळात सरकारने या उद्योगाला युद्धोपयोगी मानले नाही. त्यामुळे तो लांबणीवर पडला. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड स्थापन झाली आणि मुंबईतील कुर्ला येथे तिचा कारखाना उभा राहिला. आरंभी येथे क्रायस्लरच्या मोटारी व मालमोटारी जुळविल्या जात. कंपनीने इटलीच्या फियाट कंपनीशीही सहकार्य केले. पुढील काळात मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके धावलेल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी याच कारखान्यातून बाहेर पडल्या.

सार्वजनिक कार्य

१९२७ साली मुंबईत महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना करण्यात वालचंदांचा पुढाकार होता व ते तिचे पहिले अध्यक्ष होते. महाराष्ट्रातील लहान-मोठ्या व्यापारी व कारखानदारांना स्वतःचे व्यासपीठ मिळावे हा त्यामागील हेतू होता. भारतीय वाणिज्य व उद्योग महासंघाचे (फिक्की) अध्यक्षपदही त्यांनी १९३२-३३ मध्ये भूषविले. राष्ट्रीय चळवळीबद्दल त्यांना आस्था होती आणि सरदार पटेल यांच्यासारख्या काँग्रेस नेत्यांशी त्यांचे निकटचे संबंध होते.

अखेरचा काळ आणि मृत्यू

१९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी व्यवसायातून निवृत्ती घेतली. आजारपणाच्या अखेरच्या काळात पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात उद्योगसमूहाची धुरा बंधू गुलाबचंद, रतनचंद आणि लालचंद यांनी वाहिली.

मूल्यमापन

वालचंदांच्या कारकिर्दीचे एक वैशिष्ट्य असे की, त्यांनी सुरू केलेले तीन सर्वांत मोठे उद्योग अखेर सरकारकडे गेले. विमान कारखाना परकीय सरकारने युद्धाच्या कारणास्तव घेतला. नौकाबांधणी कारखाना स्वतंत्र भारताच्या सरकारने घेतला. सिंदियाची हवाई वाहतूक त्यांच्या मृत्यूच्या वर्षीच राष्ट्रीयीकृत झाली. हाती भांडवल तोकडे असताना ते मोठ्या योजना हाती घेतात, सरकारी साहाय्यावर फार विसंबतात, अशी टीका त्यांच्यावर होत असे. या टीकेत तथ्य आहे. कारण अवजड उद्योगाला सरकारी आश्रय हवाच, ही त्यांची धारणाच होती. आश्रय देणारे सरकार परके असल्याने प्रत्येक योजनेला राजकीय लढ्याचे रूप येई. परंतु हे उद्योग त्यांच्या हातून गेले तरी बंद पडले नाहीत. बंगळूर आणि विशाखापट्टणम येथील दोन्ही कारखाने सार्वजनिक क्षेत्रात आजही कार्यरत आहेत.

स्मृती

सांगली येथील अभियांत्रिकी महाविद्यालय वालचंद कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग या नावाने प्रसिद्ध आहे. सोलापुरातील वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीही त्यांच्या नावाने चालते. दक्षिण मुंबईतील एका मार्गाला वालचंद हिराचंद मार्ग असे नाव देण्यात आले आहे. भारतीय टपाल खात्याने २००४ साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. गं. दे. खानोलकर यांनी त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले आहे.